सदतीस, पाच, दोन

सुलेखा पेडणेकरला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. सावंतवाडीच्या सोनाराची ही मुलगी जिऑलॉजीत एम.एस्सी. झाली, लग्न करून मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला आली आणि सहा वर्षं घरात अडकली. त्या सहा वर्षांत तिनं किचनचे कप्पे इतक्यांदा बदलले, की तिचा नवरा जगन्नाथ रोज सकाळी चहाची पूड नव्यानं शोधायचा. १९८४च्या जानेवारीत जवळच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये तिला सहा महिन्यांची टेंपररी नोकरी लागली, तेव्हा तिच्यापेक्षा त्यालाच जास्त हायसं वाटलं.

म्युझियमच्या तळघरात दोनशे अकरा उल्कापाषाण होते, म्हणजे आकाशातून पडलेले दगड. त्यांची जाडजूड वही कॉलेजच्या पहिल्या प्रोफेसरनं १८५०च्या सुमारास सुरू केलेली. आकाशातून दगड पडतात हे विद्वानांनी कबूल करूनच तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. एकदा कबूल केल्यावर मग काय, ज्याला त्याला हे दगड हवेत! म्युझियमं ते फोडायची, तुकडे एकमेकांत बदलून घ्यायची. म्हणून प्रत्येक दगडापुढे कुठे पडला, कधी पडला आणि वजन किती, हे लिहायचंच. वजन कमी भरलं की समजावं, कुणीतरी तुकडा काढलाय.

सुलेखाचं काम सोपं होतं. दगड काट्यावर ठेवायचा, वहीतलं जुनं वजन ग्रॅममध्ये करायचं, दोन्ही ताडून कॉम्प्युटरमध्ये घालायचं. वहीत सगळीकडे तीन-तीन आकडे होते: औंस, पेनीवेट, ग्रेन, ही जुनी इंग्रजी वजनं. हिनं कॅल्क्युलेटर घेऊन असा काही सपाटा लावला की बघत राहावं.

चौसष्ट नंबरचा दगड हिंदुस्थानातला निघाला. नगरजवळ पडलेला, १८५२ साली एका अमेरिकन मिशनऱ्यानं पाठवलेला. वजनापुढे लिहिलेलं: ३७, ५, २. म्हणजे साडेअकराशे ग्रॅमच्या वर. काट्यानं दाखवले चारशे छत्तीस. दगडाची काळी साल एका बाजूनं गायबच होती, तुटल्यासारखी. इथे जरा थांबावं की नाही माणसानं? पण बाईंना आपण किती हुशार ते दाखवायची घाई. दोन पानी रिपोर्ट टाइप केला आणि थेट डायरेक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला: सातशे ग्रॅमचा तुकडा नाहीसा.

त्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असायची. वॉल्टर हॅस्केल, वय एकोणऐंशी. तीस वर्षं त्यानं हे दगड सांभाळले होते आणि रिटायर झाल्यावरही दर बुधवारी न चुकता यायचा. सुलेखाला पहिल्या दिवशी दगड हातात कसा धरायचा ते त्यानंच शिकवलं होतं. डायरेक्टरनं त्याला बोलावून किल्ली काढून घेतली. चोर असं कुणीच म्हणालं नाही. बुधवारच्या कॉफीला मात्र म्युझियमचे सगळे व्हॉलंटियर्स माना खाली घालून बसले आणि हॅस्केल अर्धा कप टाकून उठून गेला, तो पुन्हा आलाच नाही. सुलेखाला मात्र जूनपासून पर्मनंट करायचं ठरलं.

तीन आठवड्यांनी सावंतवाडीहून वडिलांचं पत्र आलं. नातीसाठी, दीपासाठी, बांगड्या घडवल्यात. वजन २, ७, ३. पत्रावर नजर टाकता टाकता सुलेखा मटकन खुर्चीतच बसली. वडिलांनी ग्रॅमला कधी जवळ केलं नव्हतं. ते आजही तोळे, मासे, गुंजा असंच लिहायचे. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, लहानपणी तिनं हे पाढ्यांबरोबर घोकलेलं! मिशनऱ्यानं दगड बाजारातल्या सोनाराकडेच तोलून घेतला असणार आणि प्रोफेसरनं त्याच्या पत्रातले आकडे जसेच्या तसे वहीत उतरवले असणार. तिनं पत्राच्या पाठीवर गुणाकार केला. सदतीस तोळे, पाच मासे, दोन गुंजा. चारशे छत्तीस ग्रॅम आणि वर थोडंसं.

"अगं बाई गं!" ती मोठ्यानं म्हणाली. तुकडा कुणी काढलाच नव्हता, दगड आला तोच तसा तुटका. त्या अख्ख्या तळघरात हे आकडे वाचू शकेल असं एकच माणूस होतं, आणि नेमक्या त्याच शहाणीनं माती खाल्ली!

ती तडक डायरेक्टरकडे गेली. तो हसला. "गुड कॅच, सुलेखा. एंट्री करेक्ट करून टाक. वॉल्टरचं आता उकरून काढू नकोस. म्हातारा माणूस, उगाच तमाशा होईल. तुझ्यासाठीही ते बरं दिसणार नाही."

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच तिला मागाहून जास्त लाज वाटली. त्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरेना. आमटीत दोनदा मीठ पडलं. दीपाला शाळेतून आणताना ती हॅस्केलच्या गल्लीतून गाडी घ्यायची आणि न थांबताच पुढे जायची. "मॉम, धिस इज द राँग वे," दीपा म्हणायची.

"अगं, दोन मिनिटं बस ना," जगन्नाथ शेवटी वैतागला.

"बसवत नाही हो!"

"मग असं कर, जूनपर्यंत थांब. एकदा पर्मनंट झालीस की सांग सगळ्यांना. नोकरी सहज मिळाली नव्हती तुला."

"आणि तोवर त्यानं चोर म्हणून जगायचं? माझ्यामुळे?" ती कडाडली. नोकरी जाईल ही भीती तिलाही होतीच, म्हणून तर आवाज एवढा चढला.

शनिवारी सकाळी ती हॅस्केलच्या दारात गाडी थांबवून उतरली. गॅरेज सताड उघडं होतं. आत खोकी उपडी केलेली, जुने पेपर, हत्यारं, बर्फात घालायचे बूट, सगळा पसारा, आणि मधोमध एका स्टुलावर म्हातारा.

"तो तुकडा सगळीकडे शोधला," तिनं तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला. "बघायला म्हणून घरी आणला असेन आणि विसरलो असेन. वय झालं की डोकं जातं. गाडी मुलाला देऊन टाकली मी. असल्या डोक्यानं ड्राइव्ह करणं बरं नव्हे."

तो रागावला असेल, दारातूनच घालवून देईल, असं सगळं सुलेखानं मनात धरलं होतं. पण त्यानं स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं वडिलांचं पत्र काढलं, पाठीवरचा गुणाकार त्याच्यापुढे धरला आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. त्यानं चष्मा लावून आकडे तपासले. दोनदा.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"हो. चूक माझी होती. माझी एकटीची. आय ॲम सो सॉरी, मिस्टर हॅस्केल."

'असू दे' वगैरे काही तो म्हणाला नाही. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "हे गॅरेजात सांगून काय उपयोग? बुधवारी मला न्यायला ये."

बुधवारी अकरा वाजता कॉफीची खोली भरली होती. चौदा व्हॉलंटियर्स, दाराशी डायरेक्टर. हॅस्केलला बघून कप हवेतच थांबले. तो मागच्या भिंतीशी जाऊन बसला. सुलेखा उभी राहिली. डायरेक्टर तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नको, नको. तिनं सांगितलं, तोळे-मासे, रिपोर्ट, कुणाची चूक, सगळं. पण आवाज असा पडला, की पुढच्या दोन खुर्च्यांपलीकडे गेला नाही.

"मागे ऐकू येत नाही," हॅस्केल भिंतीपासून म्हणाला. "पुन्हा सांग. मोठ्यानं."

सुलेखानं डायरेक्टरकडे पाठ केली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.