निवळलेली नारिंगी वाईन

आधी एका शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या, म्हणजे माझी फजिती समजायला सोपी जाईल. 'गाद' म्हणजे द्रवाच्या तळाशी बसणारा सूक्ष्म साका. आमचे पूर्वज म्हैसुरात कापड रंगवीत. रंगाऱ्याच्या घरी गाद हा दोष. ती राहिली की कापडावर डाग पडलाच. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. आयुष्यात एक पंचाही रंगवला नाही, पण गाद दिसली की हात शिवशिवतात.

माझा भाचा किरण आचारी. तीन महिने घरी बसून होता. गौडा नावाचे एक गृहस्थ म्हैसुरातल्याच बोगादी भागात नवे उपाहारगृह काढत होते. त्यांनी नारिंगी वाईनची एक बाटली सकाळीच आमच्याकडे पाठवली आणि निरोप दिला, "दुपारी येतो. हिच्याबरोबर काय खावे ते दाखव. जमले तर स्वयंपाकघर तुझे."

या वाईनला संत्रे शिवलेलेही नसते, बरे का. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट मुरवतात, सालींचा रंग उतरतो. हे मला किरणनेच सांगितले आणि तो बाजारात गेला.

मी बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभर गाद!

"सुमती, हा माल अर्धवट गाळलेला आहे."

"अहो, सुम्ने बसा की, गप्प!" पत्नी म्हणाली. "तुमचे पणजोबा कापड रंगवत होते, दारू नव्हे."

पण पोराच्या नोकरीचा प्रश्न होता. मी वाईन पातेल्यात ओतली, तुरटीचा खडा चांगला पाच मिनिटे फिरवला, तासाभराने चौपदरी पंच्यातून गाळली आणि बाटलीत परत भरली. काय निवळली होती म्हणून सांगू! सोन्यासारखी.

दुपारी गौडा आले. किरणने काजूच्या रश्श्यातले पनीर वाढले. गौडांनी घोट घेतला आणि त्यांचे गाल आत गेले.

"इदु एनु, किरण? हे काय आहे? जीभ लाकडाची झाली."

किरणने चाखली. चेहरा पडला, पण क्षणभरच. त्याने पनीर उचलले आणि आमच्या दुपारच्या जेवणासाठी केलेले चरबीदार मटण चॉप्स आणून ठेवले.

"आधी हे खा, सर. मग घोट घ्या."

गौडांनी तसे केले. गाल पूर्ववत झाले. दुसरा चॉप, दुसरा घोट. मग तुरटीचे प्रकरण उघडकीस आले आणि गौडा डोळे पुसेपर्यंत हसले. "जी गाद ठेवण्यासाठी मी जास्त पैसे मोजले, ती तुझ्या मामांनी मोरीत ओतली. आणि अशा वाईनलाही तू जोडीदार शोधलास. सोमवारपासून ये."

आता नात्यात हा किस्सा सांगताना सगळे म्हणतात की, मामांनी धीटपणे उभे राहून कबुली दिली. हे साफ चूक आहे. "इतकी तुरट कशी?" असे गौडांनी विचारले, तेव्हा 'हा सालींतून उतरलेला कषायरस असून संस्कारित जिव्हेलाच तो कळतो,' असे मी ठामपणे सांगितले. मेनूवर छापण्यासाठी गौडांनी ते लिहूनही घेतले. तेवढ्यात सुमतीने तुरटीची डबी आणून टेबलावर ठेवली.

वाक्य मात्र निर्दोष होते.