पमाच्या जाड वाती

पमा गेली हे तिच्या भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिलं काय म्हटलं असेल, तर "तिला एवढं दुखणं होतं हे मला कोणी का नाही सांगितलं?" भाची रडत रडत म्हणाली, "काकू, मावशीनेच सांगू नका म्हटलं होतं." घ्या! भिंतीला भिंत लागून आम्ही इतकी वर्षं राहिलो, माझ्या घरातली साखर संपली तरी तिला कळायचं, आणि ही बाई हृदयाचं दुखणं पदराआड लपवते आणि हॉस्पिटलात जाऊन मरते. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात आली होती. हातात कापसाची मोठी पिशवी. म्हणाली, "ही तुझ्याकडे ठेव. दमट लागू देऊ नकोस. दुसऱ्या मजल्यावरची नंदा मागायला येईल." मी म्हटलं, "आणि तू कुठे चाललीस?" तर म्हणे, "भाचीकडे." झालं. एवढाच आमचा निरोप. माणूस गेल्यावर त्याचं चांगलं लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण मी चौथी शिकलेली बाई, मला गोड करून लिहिता येत नाही. पमाचा मला राग आला तो अजून गेलेला नाही.

ह्यांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही लालबाग सोडून बोरीवलीला आलो, तेव्हापासून पमा शेजारी. तळमजल्यावर एक दार आमचं, एक तिचं. लग्न केलं नव्हतं. हॉस्पिटलात आया होती, जखमा बांधतात त्या खोलीत. रिटायर झाली आणि एकदम वाती वळायला लागली. चातुर्मासात देवाला लाख वाती वाहतात, एकटीच्याने तेवढ्या होत नाहीत, म्हणून बायका दुपारी जमून वळतात. पण पमाकडे बारा महिने वाती चालायच्या आणि देवावर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता! शिवाय हात असा की काय सांगू. मी म्हणायचे, "अगं, ह्या वाती आहेत की भेंड्या?" ती म्हणायची, "जळतात ना?" "जळत नाहीत गं, धुमसतात." तिला काही फरक पडत नव्हता. वर सोवळं किती! उंबऱ्याच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, कापसाला शिवायचं नाही. एकदा एक नवरा बायकोला शोधत आला आणि सरळ आत घुसायला लागला. पमा किंचाळली, "अहो, सोवळ्यातलं आहे सगळं! परत पहिल्यापासून वळायला लावताय का बायकांना?" तो एवढा दांडगा माणूस चपला हातात घेऊन मागे सरला. मला वाटलं, म्हातारपणी हिला देवाचं वेड लागलं.

मग एकदा दुसऱ्या मजल्यावरची सून आली. तिला मी नंदा म्हणते, खरं नाव ते नाही. कपाळाला टेंगूळ, केस पुढे ओढून घेतलेले. मी आपली सवयीने विचारलं, "काय झालं गं कपाळाला?" तर पमाने चटईखालून हात घालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी कळवळले. आठ दिवस काळंनिळं होतं. नंदा म्हणाली, "बाथरूममध्ये घसरले." पमा म्हणाली, "होतं असं. हा घे कापूस." बायका गेल्यावर मी भांडायला उभी राहिले. तेव्हा पमाने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "हॉस्पिटलात हेच ऐकत आले. नवरा बाजूला उभा आणि बायको सांगणार, बाथरूममध्ये घसरले. मुंबईतल्या बाथरूमा एवढ्या निसरड्या असत्या तर पुरुषही पडले असते की नाही? नवऱ्यासमोर कोण खरं बोलेल गं? तो जिथे येऊच शकत नाही अशी जागा पाहिजे. आणि विचारायचं नाही. विचारलं की ती खोटं बोलते, आणि एकदा खोटं बोलली की पुढे खरं बोलायची तिला लाज वाटते."

त्या कापसाच्या पिशवीच्या तळाशी एक बटणांचा साधा फोन होता. बायकांचे स्वतःचे फोन घरी तपासले जातात, कोणाला लावला ते नवरा बघतो. म्हणून हा. कुणाला बोलायचं असलं की ती म्हणायची, "पमाताई, कापूस संपला." पमा म्हणायची, "पिशवीतून घे, आतल्या खोलीत आहे." मग ती बाई आत जाऊन, मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारी एक संस्था आहे, तिथल्या ताईंशी बोलायची, आणि पमा मला ओढत बाहेर पायरीवर आणून बसवायची आणि मोठमोठ्याने बडबड सुरू करायची. भाव, नळाचं पाणी, कुणाची सून... मी चिडायचे, "एवढं ओरडतेस का? मी बहिरी नाही." मला वाटायचं तिचे कान गेले. बाई निघून गेली की मी विचारायचे, "काय म्हणाली गं ती?" "मला काय माहीत? मी तुझ्याबरोबर बाहेर होते." आणि खरंच तिला माहीत नसायचं! याच्याइतकी चीड मला कशाची आली नाही. येणाऱ्यांतल्या बहुतेक जणी नुसत्या वातीच वळायला यायच्या. कोण कशासाठी आली हे मला आजही सांगता येणार नाही.

एक जण संस्थेच्या मदतीने माहेरी जाऊन बसली आणि परत नवऱ्याकडे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मी पमाला म्हटलं, "हिच्या झिंज्या धरून बाहेर काढायला पाहिजे." पमा भडकली. "झिंज्या धरणारा घरी आहेच ना तिला! तू आणखी कशाला? ती म्हणेल तेव्हा, ती म्हणेल तिथे. आपलं काम दार उघडं ठेवायचं." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही बहुतेक.

पमा गेल्यावर खरा गोंधळ झाला. भाचीला शेवटच्या दिवसांत मावशीने थोडंफार सांगितलं असणार. भाची शिकलेली, मनाने चांगली. तिला वाटलं, मावशीचं काम जगाला कळलं पाहिजे. तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी काय करावं? गेटवर फ्लेक्स! पमाचा हसरा फोटो आणि खाली 'पीडित भगिनींचा आधार हरपला'. त्यावर सगळ्या कमिटीचे फोटो, पमापेक्षा मोठे. जी गोष्ट त्या बाईने आयुष्यभर कापसात गुंडाळून ठेवली ती यांनी रिक्षावाल्यांनाही वाचायला दिली. वर हॉलमध्ये शोकसभा. नंदा मागच्या रांगेत बसली होती, शेजारी सासू. नंदाचं सगळं ठरलं होतं हे मला माहीत होतं. पिशवी माझ्याकडे आल्यापासून ती 'कापूस' मागायला माझ्याकडे येत होती. दर खेपेला तिचा एकेक कागद वातींच्या डब्यातून खाली येत होता. पुढच्या आठवड्यात ती घर सोडून जाणार होती. सासूला नुसता वास लागला असता तरी तिला कोंडून घातलं असतं.

आणि सेक्रेटरी माईकवर म्हणतात, "प्रमिलाताईंनी ज्यांना आधार दिला अशी एक भगिनी आज इथेच बसली आहे. तिने पुढे येऊन दोन शब्द बोलावेत." भाचीने पमाला न्यायच्या दिवशी नंदाला सगळ्यांत जास्त रडताना बघितलं होतं, तिनेच बोट दाखवलं असणार. सेक्रेटरी मागच्या रांगेकडे बघायला लागले. नंदाचा चेहरा पिठासारखा पांढरा. मी उठले. गुडघे दुखतात, पण उठले. माईक ओढून घेतला आणि म्हटलं, "ती बाई मी. माझा नवरा मला मारायचा. पमाने मला वाचवलं. आता सगळ्यांनी चहा घ्या."

माझा नवरा! झुरळ दिसलं तर ते पलंगावर चढायचे आणि मला हाक मारायचे. माझे पाय दुखले तर तेल लावून द्यायचे. मुलगा तिथेच बसला होता, त्याचं तोंड उघडं ते उघडंच. आणि नंदाची सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तरीच! माणूस एवढं गोड बोलायचा, मला संशय होताच." चाळीस वर्षांच्या संसारात ज्याने आवाज चढवला नाही त्याचं नाव एका मिनिटात बुडालं. दुसऱ्या दिवसापासून बायका शिऱ्याच्या वाट्या घेऊन सांत्वनाला. मी ह्यांच्या फोटोला सांगितलं, "थोडे दिवस सोसा."

पुढच्या आठवड्यात दुपारी नंदाची सासूही आली. सांत्वन कसलं, तिला सगळं खोदून ऐकायचं होतं. "पट्ट्याने का हो मारायचे?" मी म्हटलं, "बसा, सगळं सांगते." चहा केला. मग आणखी एकदा केला. पट्टा, लाटणं, सुचेल ते सांगत गेले, आणि ती डोळे मोठे करून ऐकत गेली. माझ्या खिडकीतून मला गेट दिसत होतं. नंदा वातींचा डबा घेऊन देवळात जाते तशी निघाली. रिक्षात बसली. मी आणखी एक लाटणं घातलं... आता ती कुठे आहे मला माहीत नाही. हे तेवढं मी पमाकडून शिकले. संस्थेच्या ताई एवढंच म्हणाल्या, "बरी आहे. आता लिहिलंत तरी चालेल." म्हणून लिहिते आहे. पमासाठी तर आहेच, पण ह्यांचं नाव धुऊन काढायलाही. फ्लेक्स मी स्वतः विळीने फाडला, सेक्रेटरी अजून बोलत नाहीत.

फ्लेक्समुळे पमाची खोली बाद झाली. आता वाती नाहीत. दुसरं काहीतरी आहे, दुसरीकडे, आणि ते काय, कुठे हे विचारू नका. पिशवी माझ्याकडे आहे, कापूस उन्हात घालते. परवा तिथे एक नवी पोर आली, ओठ सुजलेला. "काय झालं गं?" माझ्या तोंडात आलंच होतं. मांडी आपोआप चोरली मी. काम दिलं तिच्या हातात. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजी, कापूस हवा होता." मी म्हटलं, "आत आहे, घे." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. शेजारी कोणी नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटत असेल, म्हातारी एकटीच बडबडते. बडबडते मी. पमाला शिव्या घालते, चांगल्या मोठ्याने, आतल्या पोरीचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून.