जहाजाचं नवं नाव

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे मी आखतो. मुलगाही आखायचा, माझ्यापेक्षा सुबक. पण त्याला माती-रंगात जन्म काढायचा नव्हता, म्हणून तो तेलाच्या जहाजावर खलाशी झाला.

तेल अशा देशाचं, ज्याच्याकडून घेऊ नये अशी बड्या देशांची बंदी. बंदी घालणारे घालतात आणि मधले देश दोघांशी गोड बोलून आपलं भागवतात. एक आपला झेंडा देतो, दुसऱ्याच्या समुद्रात तेल या जहाजातून त्या जहाजात जातं, तिसऱ्याच्या कागदावर ते त्याचंच होऊन बसतं. रामवाडीच्या पंपावर गाडीत तेल भरताना ते कुठलं, हे मीही कधी विचारलं नाही.

ओळख पटू नये म्हणून भर समुद्रात जहाजाचं नाव बदलायचं ठरलं. हात चांगला म्हणून मुलाला दोरांना बांधलेल्या फळीवर बसवून जहाजाच्या बाजूने खाली सोडलं. जुनं नाव खरवडून त्याने नवं इतकं देखणं काढलं, की अक्षरांना बारीक सावलीसुद्धा दिली. त्याने पाठवलेला फोटो मी अख्ख्या कारखान्याला दाखवला. कप्तान मात्र भडकला, कारण नाव जुनं दिसायला हवं होतं. तो कोरा रंग बघून गस्तीवाल्यांना संशय आलाच. त्यांनी झेंडेवाल्या देशाला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, हे जहाज आमचं नाही.

तेव्हापासून ते एका परक्या बंदराबाहेर उभं आहे. खलाशांना उतरू देत नाहीत. सून रोह्याला माहेरी गेली तरी लगेच परत येते. तिथे जो तो विचारतो, नवरा कधी येणार म्हणून. घरच्या गणपतीचे डोळे मुलानेच आखायचे, सुट्टीही त्या बेतानेच घ्यायची, हे ठरलेलं. यंदाची मूर्ती डोळ्यांवाचून फळीवर बसली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

परवा त्याचा फोन आला.

"बाबा, मालकाला दुसऱ्या देशाचा झेंडा मिळालाय, आता इथून निघता येईल. उद्या परत नाव काढायचं हाय. या वेळी संशय नाय आला तर पुढच्या बंदरात आम्हाला उतरवून घरी सोडतील."

त्या खोटेपणाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. थकलोय मी.

"वाईट काढ," मी म्हटलं. "हात हलू दे. रंग ओघळू दे."

"नाय जमत, बाबा. आताच पुठ्ठ्यावर काढून बघितलं. रेघ सरळच येते."

"मग डाव्या हातानं काढ," मी ओरडलो, "पण घरी ये रे."