चेलोचा अर्धा वाटा

१४ डिसेंबर, शनिवार, दुपारी चार वाजता माझ्या बोईसरच्या घरी चाळीस हजारांवर बोलणं ठरलं. त्यातले दहा हजार आगाऊ मिळाले. हजर होतो आम्ही चौघं वाजवणारे आणि तारापूरच्या एका कारखान्याचे कार्मिक अधिकारी. त्यांच्या वर्धापनदिनाला, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, आम्ही पाऊण तास वाजवायचं होतं.

आमची चौकडी तारवाद्यांची होती. पहिलं व्हायोलिन पालघरच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंचं. दुसरं रंगाच्या कारखान्यातल्या एका केमिस्टचं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं जरा मोठं, खालच्या सुरातलं भावंड, दातिवऱ्याच्या काकांकडे; सगळेच त्यांना काका म्हणत. आणि बसून गुडघ्यांत धरायचा चेलो माझ्याकडे. युरोपातल्या जुन्या शास्त्रीय रचना बाई कागदावर मांडून आणायच्या आणि केमिस्ट मध्येच त्या फोडून आत जॅझ घालायचा. प्रत्येक रचनेत तो सोळा खण, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, कोरे सोडायचा. त्या सोळा खणांत ज्याची पाळी असेल त्याने जे सुचेल ते वाजवायचं, आणि ते दर वेळी नवं हवं.

मी वाजवायचो तो चेलो काकांचा होता. एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांनी तो उचलून आणला होता. मला चेलो शिकवलाही त्यांनीच. सहा वर्षं, दर रविवारी, एक पैसा न घेता. काका तरुणपणी वडिलांच्या होडीवर मासेमारीला जायचे, नंतर चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये आणि अधूनमधून ऑर्केस्ट्रात वाजवलं. चौकडीला पहिल्यांदा बिदागी मिळाली तेव्हा वाटणीची पद्धतही त्यांनीच घालून दिली. "आमच्यात होडीला वाटा असतो, भाऊ. माणूस आजारी पडला तरी होडी तर गेलीच ना दर्यात. चेलोला अर्धा वाटा काढा." तो आम्ही काढत आलो. चाळीस हजारांतून गाडीभाड्याचे चार हजार वजा जाता छत्तीस उरत होते. चार माणसांचे चार वाटे आणि चेलोचा अर्धा. माणशी आठ हजार, चेलोला चार. म्हणजे काकांना बारा.

हा बारा हजारांचा आकडा केमिस्टला खुपत होता. मलाही खुपत होता. मी बोललो नव्हतो, एवढंच.

पण काकांना काढण्यासाठी कारण वेगळं सापडलं. बँडमध्ये गाणं रेकॉर्डसारखं वाजलं नाही तर वरातीतली पोरं बोंब मारायची. चाळीस वर्षं त्यांना शाबासकी मिळाली ती जसंच्या तसं वाजवण्याची. त्यामुळे कोऱ्या सोळा खणांत काय वाजवायचं, ते त्यांनी घरी बसून वहीत लिहून काढलं होतं आणि पाठ केलं होतं. दर रविवारी तेच, एकही सूर इकडचा तिकडे नाही. आपण जॅझ वाजवतो असं ते दातिवऱ्यात सगळ्यांना सांगत.

"काका, परत तेच?" केमिस्ट विचारायचा.

"मग? मागच्या खेपेला चांगलं झालं होतं ना? चांगलं झालेलं कशाला बदलायचं?"

केमिस्टने एका रविवारी ते सोळा खण गुपचूप फोनवर टिपले, कागदावर उतरवले, आणि बाईंना व मला एकेक झेरॉक्स दिली. "येत्या रविवारी गंमत करू," तो म्हणाला. बाई आधी नको म्हणाल्या, मग झेरॉक्स पर्समध्ये ठेवली. मी ती घरी चार संध्याकाळी बसून पाठ केली. व्हायोलाच्या आणि चेलोच्या तारा त्याच असतात, चेलोच्या फक्त एक सप्तक खाली, त्यामुळे मला जड गेलं नाही.

२२ डिसेंबरला तालमीत काकांची पाळी आली. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. दुसऱ्या खणापासून आम्ही तिघांनी तेच, सुराला सूर लावून वाजवायला घेतलं. काकांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं आम्ही साथ करतोय. ते हसले, मान डोलावली, जास्त जोरात वाजवू लागले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बसलाय बरं का!"

केमिस्टला हसू आवरेना. सहाव्या खणाला बाईंचा गज तारेवरून घसरला, त्याही हसत होत्या. नवव्या खणाला काकांना कळलं. तरी ते थांबले नाहीत. सोळा खण पुरे केले, व्हायोला मांडीवर ठेवला आणि रुमालाने हनुवटी पुसली.

"काका, याला जॅझ नाही म्हणत," केमिस्ट म्हणाला. "याला प्रार्थना म्हणतात. शाळेतली. सगळ्यांना पाठ."

"तुमी कोरी जागा ठेवलीत, मी भरून आणली," काका म्हणाले. "लोकं पैसं देतात. त्यांच्यापुढं चाचपडत बसू काय?"

ते गेल्यावर आम्ही मत घेतलं. तीन विरुद्ध शून्य. वसईची एक मुलगी व्हायोला वाजवायला तयार होती. काकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्यांचा शिष्य. फोन दोन मिनिटं चालला. मी सांगितलं की कारखान्याला तरुण माणसं हवी आहेत. कारखान्याने असं काही म्हटलं नव्हतं.

ते म्हणाले, "आणि चेलो?"

"कार्यक्रमापुरता राहू द्या, काका."

"होडीचा वाटा द्याल ना?"

"देईन."

कार्यक्रम ठरल्या दिवशी संध्याकाळी सहाला झाला. साडेतीनशे खुर्च्या, बहुतेक भरलेल्या. वसईच्या मुलीने तिचे सोळा खण छान वाजवले. माझी पाळी शेवटच्या रचनेत होती. मी चार निरनिराळ्या कल्पना डोक्यात धरून बसलो होतो. पाळी आली तेव्हा एकही उरली नव्हती. पहिला खण मी नुसता एक सूर लांबवून काढला. दुसऱ्या खणाला बोटं आपली आपण चालू लागली आणि काकांच्या वहीतलं पुढचं सगळं, ओळीने, त्यांच्याच चेलोवर वाजलं. पाऊण तासात सर्वांत मोठी टाळी त्याला पडली. अधिकारी पुढे येऊन हात मिळवून गेले. केमिस्ट आणि बाई माझ्याकडे बघत राहिले. मग केमिस्टने उरलेले तीस हजार मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेलो गाडीत घालून दातिवऱ्याला गेलो. पाकिटात चार हजार होते. काका ओटीवर बसले होते. अंगणात त्यांची बायको आणि दोन शेजारणी सुकट निवडत होत्या.

"कसं झालं?" काकांनी विचारलं.

"चांगलं झालं."

"तुमच्या पाळीला काय वाजवलंत?"

"सुचलं ते."

काकांनी शेजारी ठेवलेला फोन उचलला. कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या पुतण्याने कार्यक्रमाचं चित्रण पाठवलं होतं. त्यांनी ते लावलं, सोळा खण पुरे होऊ दिले, टाळीही ऐकवली.

"नवव्या खणातला कोमल गंधार कमी लागलाय," ते म्हणाले. "सहा वर्षं सांगतोय. काढा चेलो."

"काका, आता..."

"काढा. माजाच हाय ना?"

मी ओटीवर बसून वाजवलं. नवव्या खणाशी त्यांनी हात वर केला. "परत." पुन्हा वाजवलं. "परत." बायका निवडायचं थांबवून बघू लागल्या. पाचव्या खेपेला एक शेजारीण म्हणाली, "एवढा मोठा बाबा न् अजून येत नाय?" तिघी खळखळून हसल्या. काका हसले नाहीत. "परत." अकराव्या खेपेला सूर लागला. माझं बोट तारेने कापलं होतं.

मी पाकीट पुढे केलं. त्यांच्या बायकोने हात पुसून नोटा मोजल्या.

"पालघरच्या बाई एका शिकवणीचे किती घेतात?" काकांनी विचारलं.

"पाचशे."

"मग पाचशे द्या."

मी माझ्या खिशातून पाचशेची नोट काढून दिली. चेलो त्यांनी आत नेऊन ठेवायला सांगितला. मी तो माजघरात जाळ्यांच्या ढिगाशेजारी भिंतीला टेकवून ठेवला आणि निघालो. काका उठले नाहीत.

तेव्हापासून मी चेलो वाजवलेला नाही. हिशोब असा मिटला: बाईंना आठ हजार, केमिस्टला आठ, वसईच्या मुलीला आठ, गाडीवाल्याला चार, मला आठ आणि त्यातून पाचशे वजा. चेलोच्या वाट्याचे चार हजार आणि एका शिकवणीचे पाचशे, मिळून साडेचार हजार, काकांच्या बायकोच्या हातात.