मामीच्या खिडकीतली फांदी

आमचे मामा माणसांशी जेमतेम बोलतात, पण झाड दिसलं की त्यांची जीभ सुटते. लोकांच्या बागा छाटून देणं हा त्यांचा धंदा आणि कॅन्कर, म्हणजे साल कुजवणारा बुरशीरोग, हा त्यांचा खास वैरी. गल्लीत त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात. त्यांनाही ते आवडतं, फक्त कबूल करत नाहीत.

दर कापानंतर करवत स्पिरिटने पुसायची, हा त्यांचा नियम. मामी म्हणते, “घरातली कात्रीसुद्धा पुसून माझ्या हातात देतात. मला काय बुरशी आलीय?” कुजकी साल न काढता वरून नुसती बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, फासणाऱ्या गिऱ्हाइकांना तर मामा असे झापतात, की बिचारे पुन्हा ब्रशला हात लावत नाहीत.

आणि यंदा काय व्हावं? मामांच्याच सफरचंदाला कॅन्कर झाला. तोही नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलेल्या फांदीच्या शेंड्याकडे. मामीचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मामांनीच ती फांदी बांधून, वळवून तिथवर आणली होती. तिला घरातूनच फळं तोडता यावीत म्हणून. फांदी कापली नाही तर रोग खोडात उतरणार आणि झाड जाणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? तरी डॉक्टरांनी काय करावं? गुपचूप वरून पेस्ट फासली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मामीने खिडकीतून हात घालून नखाने पेस्ट खरवडली. खालची साल मऊ, तपकिरी.

“अहो, हे काय?”

“वाळतंय अजून,” मामा दुसरीकडे बघत म्हणाले.

हवा कोरडी होती, ताज्या कापाला बुरशी धरायची भीती नव्हती. मामीने करवत पुसली आणि खिडकीतूनच शेंडा उतरवला. पण अगदी डागाला लागून. उरलेल्या फांदीला कोंब फुटून खिडकीशी येतील, ही तिची वेडी आशा.

मामांनी बाहेरून काप पाहिला. लाकडात तपकिरी कडं अजून होतंच, म्हणजे रोग आणखी आत उतरला होता. त्यांनी तिच्या हातून करवत घेतली, पुसली आणि थेट खोडाजवळ टेकवली.

“अहो, तिथून? मग खिडकीशी काहीच यायचं नाही!”

“मी आणून देत जाईन की,” मामा म्हणाले आणि त्यांनी करवत चालवली.