ओफेलियाचा बत्तिसावा तास

कोलोनिया इराओला गावात अजूनही सांगतात की ओफेलिया झुबिलागाने रुफिनो मास्तरांच्या थोबाडीत हाणली आणि फ्लाइंग क्लबचं विमान पळवलं. ही गोष्ट बेकरीत ऐकली तर थोबाडीत एक असते, पेट्रोल पंपावर दोन होतात आणि न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत मास्तरांचा दात पडलेला असतो. तो दात मास्तरांना गेली अकरा वर्षं नाहीच, पण न्हाव्याला कोण सांगणार!

खरं सांगायचं तर तिने हातही उचलला नाही आणि विमानही पळवलं नाही. ती चिडली होती, एवढं मात्र सोळा आणे खरं. थोबाडीत मारली असती तर प्रकरण स्वस्तात मिटलं असतं.

ओफेलिया त्रेचाळीस वर्षांची. आजूबाजूच्या सतरा गोठ्यांचं दूध टँकरमध्ये भरून डेअरीवर पोचवायचं, हे तिचं काम. खांदे रुंद, आवाज टँकरच्या हॉर्नसारखा. विमान शिकावंसं का वाटलं, असं कुणी कौतुकाने विचारलं की ती कपाळाला आठ्या घालायची. "स्वप्नबिप्न काही नाही. पुराच्या वर्षी बास्तेराच्या गोठ्याच्या वाटेवर चिखलात तीन दिवस टँकर रुतून बसला होता. अठरा हजार लिटर दूध डोळ्यांदेखत नासलं. आणि डोक्यावरून तो लाल-पांढरा किडा चारदा गेला. आतला मनुष्य हात हलवत होता मला. हात! तिथेच ठरवलं."

म्हणजे सुरुवातच रागातून झाली.

क्लबचं विमान दोन सीटांचं, वरती पंख, शेपटीखाली चाक. शिकवायला रुफिनो लार्राल्दे. मास्तरांनी तीस वर्षं शेतांवर औषध फवारलं, विजेच्या तारांखालून विमान काढलं. बोलताना ते आधी येर्बाचा कडू काढा नळीने सुर्रर्र ओढत, मग डोळे मिटत, मग म्हणत, "बघ पोरी, आकाश कुठे पळून जात नाही."

त्रेचाळीस वर्षांच्या बाईला पोरी!

त्या वर्षी क्लबातली तीन पोरं एकट्याने उडाली. पहिला बारा तास शिकून, दुसरा चौदा, तिसरा पंधरा. तिसऱ्याने तर उतरताना मेंढरं पांगवली होती. तरी मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "बाप्यासारखं उतरवलंस!" ओफेलियाचे एकतीस तास झाले होते. तिचं उतरणं असं की मागच्या सीटवर झोपलेल्याची झोप मोडू नये. पण एकटीने उडायला लागणारी एक सही मास्तर देत नव्हते. आज वारा आहे. आज वारा नाही, काय शिकशील? आज इंजिनाचा आवाज बरा नाही. आज माझाच गुडघा दुखतोय.

"तुमच्या गुडघ्याला विमानात काय काम?" तिने एकदा क्लबात सगळे जेवत असताना विचारलं.

"हेच," मास्तर सगळ्या टेबलाकडे बघत म्हणाले. "असलं तोंड घेऊन वर एकटी गेलीस, तर ढगांशी भांडशील."

टेबल खदखदून हसलं. सगळ्यात मोठ्याने हसला खजिनदार सेलेस्तिनो. तो खोटं बोलण्याआधी खोकतो आणि हसून झाल्यावर कोण हसलं ते बघतो. ओफेलिया लाकडी ताटातलं मांस सुरीने कापत राहिली. खालचं लाकूडही थोडं कापलं गेलं.

मग तो शनिवार. दुपारी सगळा क्लब शेगडीभोवती जमलेला, बरगड्या निखाऱ्यावर. ओफेलिया बत्तिसाव्या तासाला मास्तरांना मागे बसवून वर गेली.

आता क्लबाच्या मैदानावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते. ती दोन महिन्यांपूर्वी फाटली होती आणि सेलेस्तिनो रोज खोकून "उद्या आणतो" म्हणत होता. तोवर सगळे वारा बघायचे तो कुंपणापलीकडच्या बास्तेराच्या पाणी उपसायच्या पवनचक्कीवर. चक्र जिकडे तोंड करतं, तिकडून वारा. आमच्या मैदानात गवताच्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदून जातात. लांब ती उत्तर-दक्षिण, आखूड ती पूर्व-पश्चिम. वाऱ्याकडे तोंड असेल ती पट्टी घ्यायची, की झालं.

परत येताना मास्तर मागून म्हणाले, "चक्कीचं तोंड उत्तरेला. लांब पट्टी घे."

"वारा पश्चिमेचा आहे, मास्तर. आखूड पट्टी घेते."

"चक्की दिसत नाही तुला?"

"दिसते ना. बांधलेली आहे. सकाळी दूध भरायला गेले होते तिथे. त्यांची टाकी ओसंडून वाहत होती, म्हणून बास्तेराच्या बायकोने माझ्यासमोर तार ओढून बांधली. चक्कीची शेपटी दुमडली की चक्राचं तोंड वाऱ्यापासून बाजूला वळतं. बघा, फिरतंय का?"

"वारा पडलाय, म्हणून फिरत नाही."

"पडलाय? मग खालचा रस्ता आडवा का सरकतोय? गाई बघा, सगळ्यांची ढुंगणं पश्चिमेला आहेत!"

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी उडतोय. सोड दांडा. सोड म्हणतो ना!"

तिने सोडला. विमान वळवायचा दांडा दोन्ही सीटांपुढे असतो, पण दोघांनी एकदम ओढायचा नसतो, हे तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. मास्तरांनी लांब पट्टी घेतली. चाकं टेकली, पश्चिमेच्या वाऱ्याने शेपटी धरून फिरवली आणि विमान पट्टी सोडून काटेरी झुडपांत घुसलं. गरगरत अर्धा फेरा घेऊन ते कुंपणाच्या तारेपासून हातभर अंतरावर थांबलं. इंजिन बंद झालं. गाई शांतपणे रवंथ करत बघत होत्या.

ओफेलियाला वाटलं, आता मास्तर म्हणतील, चुकलो. तेवढा एक शब्द आला असता तर ती सगळं गिळायला तयार होती.

शेगडीजवळची माणसं धावत आली. मेकॅनिकने शेपटी उचलून चाक हलवून बघितलं, चाकांत अडकलेले काटे झटकले, "शाबूत आहे" म्हणाला. आणि मास्तर खाली उतरले, टोपी सारखी केली, डोळे मिटले.

"म्हणून मी हिला एकटी सोडत नाही," ते म्हणाले.

ओफेलियाचे कान तापले. तिने माणसांकडे बघितलं. मास्तरांचं उतरणं या क्लबात हस्ताक्षरासारखं ओळखतात: डावा पंख खाली, शेवटच्या क्षणी एक झटका. वीस वर्षं बघितलेलं. आताही सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी बरगड्यांकडे बघायला लागला, कुणी ढगांकडे. सेलेस्तिनो खोकला.

"तू खोकू नकोस!" ती ओरडली. "बोल! पंख कुणाचा होता तो?"

"एवढ्या लांबून... धूर होता गं मध्ये," सेलेस्तिनो म्हणाला.

"धूर! वाऱ्याने धूर पूर्वेला चाललाय, शहाण्या. पट्टी दक्षिणेला आहे!"

बरगड्यांची चरबी निखाऱ्यावर चुरचुरत होती. ती वळली, टँकरपाशी गेली आणि आपली उड्डाणवही घेऊन आली, तोवर सगळे टेबलावर जाऊन बसले होते. ती वही तिने मास्तरांच्या ताटाशेजारी आपटली.

"लिहा. प्रत्येक उड्डाणानंतर लिहावंच लागतं ना? बत्तिसावा तास. उतरवलं कुणी, लिहा. मी उतरवलं म्हणत असाल, तर तसं लिहा आणि खाली सही करा."

आता आमच्या क्लबात टेबलावर काय वाटेल ते चालतं. कुणी गारपिटीतून उलटं उडालेला असतो, कुणी बंद इंजिनाने समुद्र ओलांडलेला असतो. कुणी हरकत घेत नाही. पण वही वेगळी. वहीत पाच मिनिटं जास्त लिहिली म्हणून मास्तरांनी स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं. वहीवर विश्वास ठेवून लोक जिवाचा धोका पत्करतात, असं ते म्हणायचे, आणि ते म्हणताना डोळे उघडे असायचे.

मास्तरांनी पेन घेतलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"माझा जेवायचा वेळ आहे हा," ते म्हणाले.

"जेवा. मी उभी आहे."

ती उभी राहिली. शेवटी मास्तरांनी जुन्या माणसांसारखं पुटपुटत लिहिलं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "लांब पट्टी. आडवा वारा. दिशा चुकीची वाचली. उतरवलं: शिक्षकाने." सही.

"आता पुढची ओळ," ओफेलिया म्हणाली.

"वारा आहे."

"वारा बसेपर्यंत थांबते. बत्तीस तास थांबले, आणखी तीन थांबेन. पण आज टेबलाला नाही, वहीला कारण सांगा."

वहीला सांगण्यासारखं कारण मास्तरांकडे नव्हतं. सहाच्या सुमाराला वारा बसला. त्यांनी ओळ लिहिली, "एकटीने उडण्यास योग्य", आणि मागची सीट मोकळी ठेवून पट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

ओफेलियाने तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा आखूड पट्टीवर, चाकं गवताला विचारून टेकावीत तशी. पहिल्यांदा एकटं असताना माणूस गातो, रडतो. ती वर काय करत होती, ते तिने मागाहून सांगितलं: एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होती. तीन फेऱ्या पुरल्या नाहीत.

उतरल्यावर रीतीप्रमाणे सगळे बादल्या घेऊन धावले. पहिल्यांदा एकट्याने उडालेल्याच्या डोक्यावर इंजिनाचं जळकं तेल आणि वर पीठ ओततात. सेलेस्तिनो सर्वांत पुढे, लाडाने ओरडत, "ब्राव्हो, ओफेलिता!"

"थांब तिथेच." तिने बोट रोखलं. "दुपारी ज्यांचं तोंड उघडलं नाही, त्यांनी आता हात उचलायचा नाही. एकानेही."

बादल्या हवेत राहिल्या. सेलेस्तिनोच्या बुटांवर तेल सांडलं.

"मास्तर, तुम्ही ओता. तुम्ही खोटं बोललात, पण लिहिलंत खरं. यांच्या तोंडून तर खरं निघालंच नाही."

मास्तरांनी बादली घेतली. ओतताना ते "ओफेलिया" म्हणाले, पोरी नाही. तिने तेल डोळ्यांवरून निपटलं आणि अजिबात हसली नाही.

राहिली माझी आणि ओफेलियाची पैज. दुपारी वही आणायला ती टँकरपाशी आली, तेव्हा मी टँकरच्या पायरीवर बसून होते. मी म्हटलं, "कशाला नेतेस? म्हातारा खोटंच लिहील." ती म्हणाली, "नाही लिहिणार." हरेल त्याने चार रविवार टँकर आतून घासायचा, असं ठरलं. त्या चार रविवारी मी टाकीत ओणवी होऊन वाळलेली साय खरवडत होते आणि ती वरच्या झाकणातून डोकं घालून ओरडत होती, "तुलासुद्धा वाटलं ना, खोटं लिहील म्हणून? तुलासुद्धा? घास! त्या कोपऱ्यात अजून राहिलंय."