कोपऱ्यातला अंगठा

बस्त्याव गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्या मोबाइलचीच वाट पाहत होतो. नंदाखालला त्याच्या वाडीला लागून बावखल आहे, केळी-माडांना पिढ्यान्पिढ्या गोडं पाणी देणारं तळं. भरावाचे ट्रक ते बुजवत होते आणि कागदोपत्री तिथे तळं कधी नव्हतंच. पाण्याचे फोटो होते ते फक्त त्या मोबाइलमध्ये. सकाळी घेऊन येतो म्हणाला होता... छातीत कळ आली आणि संपलं.

आमची दोस्ती पत्रकांची. मी लिहायचो, तो आगाशीच्या बाजारात वाटायचा. तळं बुजवणं ही चोरी, तिला विकास म्हणणं ही दुसरी चोरी, हे माझं वाक्य त्याला पाठ होतं. "पन तुझी वाक्यं वाचतो कोन? फोटो छाप," म्हणाला आणि आसपासच्या बुजवलेल्या तळ्यांचे फोटो स्वतःच काढू लागला. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा.

"तुझा अंगठा कापून कापून वैतागलो," मी म्हणायचो.

"राहू दे की. साक्षीदाराचा आहे."

मी कापायचोच.

फोटो संगणकात उतरवायचं काम त्याचं. केबल लावली की मी पडद्याकडे टक लावायचो. "तिकडे काय बघतोस? फोन विचारतोय, त्याला उत्तर दे," तो टोमणा मारायचा.

चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर त्याची बायको, रेजिनावहिनी, मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी तलाठी पाहणीला यायचे होते. मी केबल लावली. संगणकाने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? मी माउसवरचा हात उचलला. चुकून 'हो' दाबलं गेलं असतं, तर बावखल दुसऱ्यांदा बुजलं असतं.

"काय म्हनतो तो?"

"सगळं पुसू का, विचारतोय."

"मग नाय म्हना ना, भावोजी. गप काय बसलात?"

नाही म्हटलं. केबल काढली, पुन्हा लावली. पडदा कोराच. एवढ्यात वहिनी हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "हितं पन कायतरी विचारतंय."

संगणकाशी कसं जोडू, असं तो विचारत होता. केव्हापासून कोण जाणे... मी उत्तर दिलं आणि फोटो एकेक करून उतरू लागले. पाणी, पाण्यावर वाकलेले माड, ट्रकचं मागचं फळकूट. आणि दर कोपऱ्यात तो.

वहिनींनी पडद्यावर हात ठेवला. "नख बघा केवढं. काप म्हनून किती सांगितलं."

या वेळी मी एकही फोटो कापला नाही.

पाहणीचा निकाल अजून यायचाय; रस्त्यावर ट्रक वाजला की आजही मी खिडकीशी जातो. पण त्या दिवशी बावखलाच्या काठावर तलाठ्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "कोपऱ्यात हे काय आलंय?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "ह्यांचा अंगठा. सही समजा."